सांगलीत ओताकाठी तीन एकरांचा लेआउट : भराव टाकावा की नाही?

प्रश्न असा आला आहे : शामरावनगरच्या पलीकडे आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. एका अंगाने ओत (पावसाळ्यात वाहणारी लांब खोलगट पट्टी) जातो. प्लॉट पाडायचे आहेत. आर्किटेक्ट म्हणतात, सगळीकडे दीड मीटर मुरमाचा भराव टाका आणि ओतात पाइप घालून वरून रस्ता घ्या, म्हणजे जागाही वाढेल. शेजारची कॉलनी आत्तापासूनच भांडायला लागली आहे. २०१९ ला आमच्या शेतात पुरुषभर पाणी होतं. काय करावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. सगळीकडे भराव टाकू नका. ओतात पाइप तर अजिबात घालू नका. घरांची जोती उंच घ्या, ओपन स्पेस (लेआउटमध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा) फूटभर खाली घ्या आणि ओताला त्याची रुंदी सोडा. आर्किटेक्टना सांगा की नकाशा जमिनीच्या लेव्हल, म्हणजे उंच-सखलपणा मोजून घेतल्यावर काढायचा, त्याआधी नाही.

तुमच्या जमिनीवर दोन प्रकारचं पाणी येतं आणि दोन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. आपल्याकडे ही गल्लत फार होते. पहिलं पाणी आभाळातलं. सांगलीत वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपण तसे दुष्काळाच्या सावलीतले लोक. पण जूनमधला किंवा परतीचा एखादा वळीव तासाभरात पन्नास-साठ मिलिमीटर ओततो आणि शामरावनगरातल्या गल्ल्या तुंबतात. त्या वेळी कृष्णा आपल्या पात्रात निवांत असते.

दुसरं पाणी नदीचं, ते आपल्या पावसाचं नाही. ते महाबळेश्वरच्या, कोयनेच्या डोंगरातून येतं. कऱ्हाडला कोयना मिळते, खाली हरिपूरला वारणा, आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिन्ही एकदम भरून आल्या की सांगलीच्या सपाट पट्ट्यातलं पाणी पुढे सरकायला जागा मागतं आणि ती मिळत नाही. गावात ऊन असतं नि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणी मोजायच्या पट्टीवर पाणी चढत असतं. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांवर गेलं, २०१९ ला ५७ फुटांवर, २०२१ ला पुन्हा ५४ च्या वर. सोळा वर्षांत तीनदा पन्नाशी ओलांडली, तेव्हा 'असा पूर शंभर वर्षांत एकदाच येतो' असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून प्लॉट घेऊ नका.

आता ओत. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : नदीकाठच्या सपाट जमिनीत लांबच लांब खोलगट पट्ट्या असतात, उन्हाळ्यात कोरड्या, बऱ्याचदा त्यात ऊस किंवा गवत. पावसाळ्यात त्या दोन्ही दिशांनी काम करतात. पाऊस पडला की वरचं पाणी त्यांतून नदीकडे जातं आणि नदी चढली की तिचं पाणी त्याच वाटेने उलटं आत येतं. सांगलीत पूर काठ ओलांडून येण्याआधी नाल्याच्या नि ओताच्या तोंडातून शिरतो, हे गावभागातल्या कोणालाही विचारा. नदी अजून लांब असते आणि गल्लीतल्या चेंबरमधून पाणी वर यायला लागलेलं असतं. यालाच फुगवटा म्हणतात.

भरावाचा हिशोब करू. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, साधारण १२,००० चौरस मीटर. त्यावर दीड मीटर म्हणजे १८,००० घनमीटर, आपल्या भाषेत सहा हजारांवर ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). रोलर फिरवून दाबला की मुरूम बसतो, म्हणजे प्रत्यक्षात आणखी मागवावा लागेल. वर रॉयल्टी. मुरमाचा आजचा भाव तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता, गुणून बघा. एवढा खर्च करून मिळतं काय? २०१९ ला पुरुषभर पाणी होतं म्हणता, तर दीड मीटर भरूनही तसाच पूर आला की गुडघ्याला पाणी लागणारच. म्हणजे पैसेही गेले आणि घरही भिजलं.

'भराव टाकला की नदीचा पूर वाढतो' असं सरसकट म्हणतात. त्यावर खरं बोलायला हवं. पुरातल्या कृष्णेत सेकंदाला ५,००० घनमीटर, म्हणजे पावणेदोन लाख क्युसेक, पाणी वाहतं असं धरलं, तर तुमच्या संपूर्ण भरावाइतकं पाणी पुलाखालून चार सेकंदांत निघून जातं. तुमच्या तीन एकरांनी आयर्विनची पट्टी केसभरही हलणार नाही. तेव्हा एखाद्या बिल्डरने 'माझ्यामुळे पूर आला का?' असं विचारलं तर त्या एकट्यापुरतं त्याचं म्हणणं बरोबर असतं. मात्र कृष्णेला न कळणारा भराव शेजाऱ्याला त्याच दिवशी कळतो. तुमची जमीन दीड मीटर वर गेली की वरच्या अंगाच्या कॉलनीचं पाणी तिथेच अडतं आणि तुमच्या उतारावरचं पाणीही तिच्याच दारात जातं. आता त्यांचाही नाइलाज होतो आणि ते दोन मीटर भरतात. मग पुढचा अडीच. सांगलीच्या गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या वस्त्यांत, गेली तीस-चाळीस वर्षं हीच शर्यत चालली आहे. रस्तेही त्यात मागे नाहीत. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर चढवत गेल्याने कितीतरी घरांचे उंबरे आज रस्त्याच्या खाली आहेत. आणि असे शेकडो भराव एका पट्ट्यात एकत्र आले की मग कृष्णेलाही कळतं, कारण तेव्हा प्रश्न साठ्याचा राहत नाही, पूरपाण्याची वाटच अरुंद झालेली असते.

नियम काय म्हणतो ते पाहू. पाटबंधारे खातं नदीवर दोन रेषा आखतं. २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. 'वर्षांत एकदा' याचा अर्थ तेवढी वर्षं मधे जावी लागतात असा नाही. दरवर्षी तेवढी शक्यता असते, निळीची चार टक्के, लालची एक टक्का. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, मैदान, पार्किंग, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी अशा गोष्टी चालतात, नवं घर नाही. निळी ते लाल हा निर्बंधित पट्टा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यानुसार या पट्ट्यात बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर बांधावं लागतं. नियम घराची उंची मागतो. सगळी जमीन उचला असं तो कुठेही म्हणत नाही. तरीही आपल्याकडे त्याचा अर्थ 'मुरूम आणा' असाच लावला जातो.

म्हणून पहिलं काम : तुमच्या गटातून निळी आणि लाल रेषा कुठून जाते आणि त्या ठिकाणी त्यांची समुद्रसपाटीपासूनची पातळी किती, हे पाटबंधारे विभागाकडून लेखी घ्या. आयर्विनच्या पट्टीवरचे फूट घेऊन जमिनीवर खुणा करू नका. ती पट्टी पुलापाशी खरी. पुराच्या पाण्यालाही उतार असतो. पुलापाशी ५७ फूट म्हणजे हरिपूरला किती, हे त्या पट्टीवरून कळत नाही. मग सर्व्हेअरकडून डीजीपीएस किंवा टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या समपातळी रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) काढून घ्या, बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, कायमचा बांधून ठेवा आणि २०१९ च्या पाण्याची खूण ज्या विहिरीच्या कठड्यावर किंवा वीजखांबावर अजून दिसते तिचीही लेव्हल घ्या. सरकारी आकडा आणि ती खूण यांत फरक पडला तर जी पातळी जास्त उंच ती धरा.

दुसरं काम कागदाचं. भूमी अभिलेखकडून जुना गाव नकाशा काढा आणि त्यावर ओत किंवा नाला कसा दाखवलाय ते पाहा. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) 'ब' वर्गात काही क्षेत्र आहे का तेही बघा. पाण्याची वाट किंवा सार्वजनिक वापराची जागा या वर्गात येते. नाल्याचं पात्र महसूल कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारचं असतं, ते तुमच्या गटातून जात असलं तरी. ते लेआउटमध्ये प्लॉट म्हणून विकलं गेलं तर आज ना उद्या गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं राहील.

आता आभाळातल्या पाण्याकडे येतो, कारण भरावापेक्षा इथे तुमच्या हातात जास्त आहे. सूत्र साधं आहे. जमिनीचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो तो), तासाला पडणारा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि हेक्टर यांचा गुणाकार करून ३६० ने भागा, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर पाणी सुटेल ते मिळतं. तुमची १.२ हेक्टर जमीन आज शेती आहे, गुणांक ०.३ धरा. तासाला ६० मिलिमीटर पाऊस पडला तर सेकंदाला ६० लिटर पाणी बाहेर पडतं. उद्या तिथे स्लॅब, पेव्हिंग ब्लॉक आणि काँक्रीटचे रस्ते आले की गुणांक ०.७५ होतो आणि तेच पाणी १५० लिटर होतं. पाऊस तोच, ढग तेच, पण शेजाऱ्याच्या गटारीत अडीचपट पाणी. भांडण उगाच होत नाही.

हे जास्तीचं पाणी किती? तासाभराच्या त्या पावसात ७२० घनमीटर पाणी पडतं. शेतातून त्यातलं २१६ सुटलं असतं, लेआउटमधून ५४० सुटेल. फरक ३२४ घनमीटर. आता तुमची ओपन स्पेस आठवा. नियमाने दहा टक्के, म्हणजे सुमारे १,२०० चौरस मीटर ती तुम्हाला सोडावीच लागणार आहे. ती रस्त्यापेक्षा फूटभर खाली ठेवली तर तिच्यात ३६० घनमीटर पाणी मावतं. हिशोब जवळपास जुळला. त्यासाठी वेगळी जागा नको, यंत्र नको, वीज नको. चारही बाजूंनी उताराच्या हिरवळीच्या कडा करा, म्हणजे मुलं खेळतात आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत ती रिकामी होते.

मेख आहे ती बाहेर पडणाऱ्या पाइपमध्ये. कंत्राटदार हौसेने ९०० मिलिमीटरचा ह्यूम पाइप (सिमेंटचा मोठा पाइप) बसवेल आणि ओपन स्पेसमध्ये पाणी थांबणारच नाही. इथे पाइप मुद्दाम लहान हवा. फूटभर पाण्याच्या दाबाखाली साधारण २५० मिलिमीटरच्या तोंडातून सेकंदाला पंचावन्न लिटरच्या आसपास पाणी जातं, म्हणजे शेत असताना जात होतं तेवढंच. तोंडाला तिरकी जाळी बसवा, कारण आपल्याकडे पाणी तुंबण्याआधी प्लास्टिक तुंबतं. आणि जास्त पावसासाठी एका बाजूला सांडवा ठेवा, त्याचं तोंड ओताकडे, शेजाऱ्याकडे नाही.

यातली खरी अडचण इंजिनिअरिंगची नाही. ओपन स्पेसमध्ये पहिल्या वर्षी मंडळाचा मांडव पडतो, दुसऱ्या वर्षी खड्डा वाईट दिसतो म्हणून कुणी नगरसेवक मुरूम टाकून देतो आणि पुढे सभागृहाची पायाभरणी होते. म्हणून मंजूर नकाशावर त्या जागेची तळपातळी आकड्यात लिहून घ्या आणि प्रत्येक खरेदीखतात तिचा उल्लेख करा. 'पर्जन्यजल धारण क्षेत्र, भराव टाकू नये' एवढे शब्द पुरेत.

शोषखड्ड्यांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्यापेक्षा मोठ्या प्लॉटला पाऊसपाणी संकलन करावं लागतं, ते ठीकच. पण तुमच्याकडची जमीन काळी आहे. ती भिजली की फुगते आणि पाणी आत घेणं जवळपास बंद करते. त्यात मिरज, वाळवा या पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन भूजल वर आलेलं आणि जमिनी क्षारपड झालेल्या. अशा ठिकाणी जुलैत शोषखड्डा म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा. फोटो काढून भोगवटा दाखला मिळतो, बाकी काही होत नाही. त्यापेक्षा छतावरचं पाणी टाकीत घ्या. शंभर चौरस मीटरच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५,००० लिटर. प्रत्येक घराने एवढी टाकी ठेवली आणि बागेला, फरशी धुवायला वापरून ती रिकामी करत राहिलं, तर गटारीवरचा पहिला भार कमी होतो. पुढच्या पावसाआधी टाकी रिकामी नसेल तर मात्र ती नसल्यासारखीच.

ओतातल्या पाइपकडे येऊ, कारण तुमच्या आर्किटेक्टचा जीव तिथे आहे. ओताची रुंदी समजा पंचवीस-तीस फूट. त्यात ६०० मिलिमीटरचे दोन पाइप घालून वर भर घातली की नकाशावर दोन-तीन प्लॉट वाढतात. एकाच उतारावर ९०० मिलिमीटरचा एक पाइप ६०० च्या जवळपास तिप्पट पाणी नेतो, म्हणजे दोन लहान पाइप त्या एका मोठ्याच्याही पाठीमागे, आणि मोठा पाइपही उघड्या ओताच्या पासंगाला पुरत नाही. लहान पाइप तुंबतातही लवकर. शिवाय सांगलीत उतार असतो हजारात एक. तीनशे मीटरला फूटभर. इतक्या मंद उतारावर पाइपच्या तळाशी गाळ बसतो आणि दोन पावसाळ्यांत निम्मा पाइप मातीत जातो. तो कोण साफ करणार? उघडा ओत निदान जेसीबीने साफ होतो. रस्ता ओलांडायचाच असेल तर एकाच ठिकाणी ओलांडा, तिथे पाइप न घालता पेटीसारखी मोरी बांधा, तळ ओताच्या तळाइतकाच ठेवा आणि रुंदी ओताच्या रुंदीएवढी. आणि रस्त्याची पातळी दोन्ही बाजूंपेक्षा थोडी खाली ठेवा, म्हणजे मोरी कमी पडली तर पाणी रस्त्यावरून ओलांडून जाईल, कुणाच्या घरातून नाही. ओत वळवायचाच असेल तर तुमच्या हद्दीत तो जिथून आत येतो आणि जिथून बाहेर जातो त्या दोन जागा बदलू नका. त्या बदलल्या की काटकोनात वळलेलं पाणी पहिल्याच मोठ्या पावसात जुनी वाट शोधतं.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. कृष्णा ४०–४५ फुटांवर गेली आणि ओताचं तोंड बुडालं की वर सांगितलेली ओपन स्पेस काही कामाची राहत नाही, ती नदीच्या पाण्याने आधीच भरलेली असते. त्या दिवसांसाठी बाहेर पडणाऱ्या पाइपला एकेरी झडप बसवता येते, नदी चढली की ती आपोआप मिटते. पण झडप मिटल्यावर आतला पाऊस पंपाने बाहेर काढावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच वीज गेलेली असते. सोसायटीकडे डिझेल पंप आणि तो चालवणारा माणूस असेल तरच झडपेच्या भानगडीत पडा. पावसाळ्याआधी तिच्यात अडकलेल्या काटक्या काढायलाही कुणीतरी लागतो. मोठ्या नाल्यांच्या तोंडाशी असे दरवाजे आणि पंप बसवणं हे महापालिकेचं काम, एका लेआउटच्या आवाक्यातलं नाही.

मग पूर आला तर घरं कशी वाचवायची? उंच जोतं, त्यातही शक्य तिथे खांबांवरचं घर, खाली फक्त वाहनं. कंपाउंडची भिंत गच्च बांधू नका, खाली दीड-दोन फूट जाळी ठेवा. गच्च भिंत पाणी अडवते आणि एका बाजूला पाणी चढलं की उताणी पडते. वीजमीटर आणि पंपाचे स्टार्टर लाल रेषेच्या वर. घरातून ड्रेनेजकडे जाणाऱ्या चेंबरमध्ये उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह, नाहीतर संडासातून पूर येतो. आणि पूर येणार म्हटलं की लोक भूमिगत टाकी रिकामी करून ठेवतात, ते करू नका. ती भरून ठेवा. रिकामी टाकी खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाते आणि तिचे जोड तुटतात. सांडपाणी आणि पावसाचं पाणी वेगवेगळ्या पाइपमधून न्या. गुंठेवारीत दोन्ही एकाच गटारीत असतात आणि पुरानंतरचे आठ दिवस त्यामुळेच घाणीत जातात.

कुणी म्हणेल, हे सगळं कशाला, खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचं पाणी सोडलं की प्रश्न सुटतो. २०१९ च्या पुरानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने अलमट्टीवर ठपका ठेवला नाही, पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर मात्र बोट ठेवलं. सांगलीत अनेकांना तो निष्कर्ष पटलेला नाही, वाद अजून चालू आहे आणि तो घालायचा हक्क तुम्हालाही आहे. पण तुमच्या ओताची रुंदी अलमट्टी ठरवत नाही आणि तासाभराच्या वळवात तुंबणाऱ्या पाण्याचा तर तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

शेजारच्या कॉलनीशी भांडण्याआधी त्यांच्या बाजूच्याही पन्नासेक लेव्हल घ्या आणि दोन्ही मिळून एकच नकाशा करा. त्यांचं पाणी तुमच्या जमिनीतून ओताकडे जातंय हे कागदावर दिसलं की त्यांच्या हद्दीच्या कडेने पाच-सहा फुटांचा उघडा चर तुम्ही सोडायला तयार आहात असं सांगा. थोडी जागा जाईल, पण परवानगीच्या वेळी त्यांची हरकत येणार नाही. ही सगळी मोजणी मे महिन्यात उरका. आणि लेआउटची अंतिम आखणी एक पावसाळा पाहून करा. जुलै-ऑगस्टमध्ये मोबाइल घेऊन बांधावर उभे राहा, पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, ओत कोणत्या दिवशी उलटा वाहायला लागतो आणि त्या दिवशी आयर्विनला किती फूट होते, ते लिहून ठेवा. त्या नोंदी आणि समपातळी नकाशा घेऊन आलात, तर मोरीची नि पाइपची मापं तुमच्या आर्किटेक्टबरोबर बसून काढता येतील.